डिझेल, आमच्या धुण्यातून चालतं हो

डिझेल,

मायन्यात 'प्रिय' लिहायला हात धजावला नाही. रस्त्यावर आणि रानात तुझी गरज आहे, हे मला मान्य आहे. तू नसतंस तर कुंडलपासून रेठऱ्यापर्यंतचा ऊस फडातच वाळला असता. पण तुला जागा दिली होती ती टाकीत. माझ्या लेकाच्या शाळेच्या शर्टात, सासूबाईंच्या लुगड्यात आणि उशीच्या अभ्र्यात शिरायला तुला कोणी सांगितलं होतं? याचा जाब मी चारचौघांत विचारणार आहे.

या मुलखात तू काही काल आलेलं नाहीस. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिनं तयार होत. त्या कारखान्याचे धनजीशा कूपर १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. तिकडे कारखान्याचा मान वाढला आणि इकडे विहिरीवरच्या इंजिनापाशी तुझे शिंतोडे धोतरांवर उडत राहिले. ती धोतरं दगडावर कोणी चुबकली, हे कुठल्या इतिहासात लिहिलेलं नाही. म्हणून इथे लिहिते.

तू घरात कसं शिरतंस, ते मी पाहिलंय. ऐन गळीत हंगामात, दोन ट्रेलर ऊस मागे असताना टाकी कोरडी पडते. कॅनमधून तुला ओततात, पण पाइपात हवा धरलेली असते, इंजिन काही उचलत नाही. मग ड्रायव्हर फिल्टरवरचा बोल्ट सैल करतो आणि हातपंप मारत बसतो. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि मग एकदम तुझी धार मनगटावरून कोपरापर्यंत. हात पुसायला जवळ काय असतं? पँटच. रात्री ती पँट मोरीतल्या बादलीत पडते आणि सकाळी त्याच बादलीत पोराचा शर्ट जातो. पाण्यावर तुझा सप्तरंगी तवंग दिसतो, तेव्हा वेळ गेलेली असते.

पेट्रोल निदान उडून तरी जातं. तू मात्र साधारण १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळणारं. आमच्या कराडच्या मे महिन्यातल्या उन्हाला तू काय दाद देणार? पाण्याशी तुझं जमत नाही, म्हणून नुसत्या पाण्यात कितीही खळबळलं तरी तू जागचं हलत नाहीस. सुती कापड त्यातल्या त्यात तुला लवकर सोडतं. टेरीकॉटमधला पॉलिएस्टरचा धागा मात्र तेल घट्ट धरून ठेवतो, आणि शाळेचे गणवेश नेमके टेरीकॉटचे. जत-कवठेमहांकाळकडच्या बोअरच्या जड पाण्यात तर साबणाला फेसच धरत नाही. तिथल्या बाईनं दोन वड्या झिजवल्या तरी उरतो तो वर चिकट थर आणि खाली तू.

वर तुला साथ देणारेही आम्हीच. डाग दिसला की कपडा आधी पाण्यात बुचकळायचा, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. काहीजणी रॉकेल किंवा पेट्रोल चोळतात. त्यानं तुझ्यासोबत आलेलं ग्रीस विरघळतं हे खरं, पण रॉकेलचाच वास मागे राहतो आणि मोरीत आगीचा धोका उभा राहतो. तो नाद सोडाच, हे मी प्रत्येकीला हात जोडून सांगते.

तुला हुसकायची रीत वेगळी आहे. उतरवलेला कपडा आधी चुलीपासून, गॅसपासून लांब, उघड्या वाऱ्यावर टांगायचा. ग्रीसचा गोळा चमच्याच्या कडेनं खरवडायचा, चोळायचा नाही. डागाखाली जुनं फडकं आणि वर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी. तासाभरात भुकटी ओलसर, मळकट होते, म्हणजे तेवढं तू बाहेर आलंस. ती झटकून पुन्हा नवी टाकायची. मग डाग कोरडा असतानाच त्यावर भांडी घासायचा लिक्विड साबण बोटांनी जिरवायचा आणि थोडा वेळ तसाच ठेवायचा. पाणी त्यानंतर. कापडाला सोसेल इतपत गरम पाणी, साबणाची पावडर, आणि सुती कापड असेल तर चमचाभर धुण्याचा सोडा. पिळल्यावर ओला कपडा नाकाला लावून बघायचा. वास आला तर पुन्हा साबण. वास पुरता जाईपर्यंत इस्त्री लावायची नाही, कारण उष्णतेनं उरलेला डाग पक्का होतो. मशीनमध्येही तोवर टाकायचा नाही. तुझी वाफ पेट घेते आणि तुझा वास मशीनच्या रबरात मुरतो. ग्रीसमधली काजळी कधी कधी इतकं करूनही मागे राहते. तिच्यासाठी कापड फाटेस्तोवर घासू नये.

सांगलीकरांचा हिशेब तर आणखी मोठा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट. गॅरेजमधलं काळं ऑइल आणि बुडालेल्या गाड्यांच्या टाक्यांतलं डिझेल पाण्यावर तरंगणारच. पाणी चढेल तसं तूही चढलंस आणि ओसरताना प्रत्येक फळीवर तुझी रेघ ओढत उतरलंस. ज्या साड्या लग्नाकार्यालाच बाहेर निघायच्या, त्यांना तुझा आणि गाळाचा वास. त्यातली रेशमी साडी दगडावर आपटता येत नाही की सोड्यात भिजवता येत नाही. ते नुकसान कुठल्या पंचनाम्यात मांडायचं?

१९४८च्या कारखाने कायद्यात कामगारांच्या हातपाय धुण्याच्या सोयीचं कलम घातलं गेलं, कपडे ठेवायच्या-वाळवायच्या जागेचंही. रस्त्याकडेच्या दोन माणसांच्या गॅरेजला आणि ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला तो कधी लागूच झाला नाही. त्यामुळे त्यांचा कामाचा मळ बिनपगारी आमच्या मोरीत येतो. गॅरेजमालकांनो, ट्रॅक्टरमालकांनो, एक नळ, एक साबण, एक खुंटी आणि कामावर बदलायला एक जोड एवढं तुम्हाला जड नाही. ते द्या.

आणि डिझेल, माझ्या घरापुरतं सांगते. कामाची पँट आता ओसरीबाहेरच्या खुंटीला लागेल, तिची बादली वेगळी असेल आणि ती धुण्याची पाळी घरातल्या सगळ्यांची असेल, पँट घालणाऱ्याची आधी.

कळावे.

कृष्णाकाठची एक गृहिणी