गोदामाची किल्ली

मुलगी इंजिनिअर होणार म्हटलं की पेढे वाटतात, डॉक्टर होणार म्हटलं की लांबचे नातेवाईक जवळचे होतात. ‘म्युझियॉलॉजी करणार’ म्हटलं की मात्र सगळे आधी एकमेकांकडे बघतात, मग मुलीकडे, आणि शेवटी एखादी आत्या विचारते, “म्हणजे तिथे तिकिटं फाडायची का गं?”

माझ्या भाचीने इतिहासात बी.ए. झाल्यावर हे नाव काढलं आणि कुठला कोर्स बरा हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्त मामाला वेळच वेळ असतो, असा आमच्याकडे समज आहे.

शोधताना पहिलं कळलं ते हे की, हे खूळ नवं नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ साली सुरू झाला, कोलकाता विद्यापीठात १९५९ साली. इंग्लंडातल्या ज्या लेस्टर विद्यापीठाचं नाव या धंद्यातले लोक आदराने घेतात, तिथला विभाग १९६६ चा. म्हणजे बडोदं लेस्टरहून चौदा वर्षांनी वडील. हे ऐकून ताईचा चेहरा खुलला. परदेशापेक्षा आपलं जुनं, यापलीकडे आपल्याला शिफारस लागत नाही. दोन्हीकडची फी ऐकल्यावर भाऊजींचाही खुलला.

मग रीतसर तक्ता केला. इंग्लंडात एम.ए. एका वर्षात उरकतं, आपल्याकडे दोन वर्षं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुन्या लोकांचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, स्वतःच पदव्युत्तर पदविका चालवतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचा अभ्यासक्रम जवळपास सगळा ऑनलाइन. “घरबसल्या म्युझियम?” ताई म्हणाली. “मग फी कशाची?”

अर्जाबरोबर एक निबंध द्यावा लागतो : मला हेच का शिकायचंय. नमुने वाचले. जगातल्या प्रत्येक उमेदवाराला लहानपणी कुणीतरी बोट धरून म्युझियममध्ये नेलेलं असतं आणि तिथेच त्याचं आयुष्य बदललेलं असतं. भाचीला आम्ही लहानपणी राणीच्या बागेत नेलं होतं. तिला माकडं आठवतात. तिथलंच भाऊ दाजी लाड संग्रहालय आठवत नाही. तिने प्रामाणिकपणे तसंच लिहिलं.

विषयांची यादी मात्र वाचण्यासारखी असते. आलेल्या प्रत्येक वस्तूला नोंदवहीत क्रमांक द्यायचा. टणक वस्तू असेल तर तो तिच्यावर थेट लिहायचा नाही. आधी पारदर्शक लॅकरचा पातळ थर द्यायचा, त्यावर लिहायचं, म्हणजे उद्या पुसायचा झाला तर वस्तूला ओरखडा नको. कापड आणि कागद यांच्यावर पन्नास लक्सच्या वर उजेड नको. हे समजल्यापासून लग्नाच्या हॉलमधल्या झुंबराखाली पैठण्या बघून मला कसंतरी होतं. भाचीने सराव म्हणून आजीच्या पानाच्या डब्याला क्रमांक दिला. संग्रहातून वस्तू काढून टाकण्याचीही एक रीत असते, कारण लिहून समितीपुढे ठेवायचं, वगैरे. तो धडा ताईला फार आवडला. माळ्यावरच्या सामानाबद्दल ती गेली कित्येक वर्षं एकटीच समिती आहे, ठराव काही मंजूर होत नाही.

तक्त्यात रकाने वाढत गेले तशी सगळी विद्यापीठं सारखी दिसू लागली. सगळीकडे तेच विषय, तीच हसरी मुलं, तेच पांढरे हातमोजे. मग मी मागे वळून बघितलं, की ज्यांनी हे शिकवायला सुरुवात केली त्यांनी काय केलं? हार्वर्डमध्ये पॉल सॅक्स नावाचे गृहस्थ १९२१ पासून हा वर्ग घेत. गोल्डमन सॅक्सच्या घराण्यातले, पेढी सोडून कलेकडे आलेले. ते वस्तू विद्यार्थ्यांच्या हातात देत आणि बोला म्हणत. न्यूअर्कच्या संग्रहालयात जॉन कॉटन डेना यांनी १९२५ मध्ये उमेदवारी सुरू केली, तीही चालत्या संग्रहालयातच.

आपल्याकडेही दिल्लीला १९८९ मध्ये संस्था निघाली ती राष्ट्रीय संग्रहालयाच्याच इमारतीत. तास संपला की विद्यार्थी थेट दालनात. आता ती नोएडाला, मोठ्या आवारात गेली आहे. जागा ऐसपैस झाली, पण दालन आणि वर्ग यांच्यामध्ये यमुना आली.

आणि पुण्याचे काका केळकर? चष्म्यांचं दुकान, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता, आणि उरलेला जन्म गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या गोळा करण्यात. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभा केलेला सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह १९७५ मध्ये त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. आजच्या कुठल्याही प्रवेशसमितीपुढे काका उभे राहिले असते तर अनुभवाच्या रकान्यात काय लिहायचं, असा प्रश्न समितीला पडला असता.

म्हणून कोर्स करू नये असं मुळीच नाही. काकांनी वस्तू जमवल्या. त्या कसरीपासून, दमटपणापासून आणि विसरण्यापासून पुढची शंभर वर्षं वाचवायला शिकलेली माणसंच लागतात. नोकऱ्या मोजक्या आहेत आणि सरकारी पदाची जाहिरात निघेपर्यंत दम धरावा लागतो, हेही भाचीला सांगून ठेवलंय.

तक्ता मी शेवटी बाजूला ठेवला. आता कुणी विचारलं तर एवढंच सांगतो : माहितीपत्रकातला जागतिक क्रमांक, ग्रंथालयातल्या पुस्तकांची संख्या, कॅम्पसचे फोटो हे सगळं वाचा आणि मग तिथल्या जुन्या विद्यार्थ्याला गाठून एकच प्रश्न विचारा. पहिल्या सहामाहीत तुम्ही संग्रहालयाच्या गोदामात किती वेळा गेलात? उत्तर द्यायला तो आढेवेढे घेऊ लागला, तर पुढच्या नावाकडे वळा.