जामखेडला अकोल्याचा पाऊस

न्यूरल नेटवर्कला आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा पाऊस शिकवायचा तर तक्ता आहे तसा देऊन चालत नाही. समजा, दहा पावसाळ्यांच्या रोजच्या नोंदी आहेत. आडव्या 14 ओळी, ओळीला एक तालुका, अकोले-कर्जतपासून संगमनेरपर्यंत. उभे रकाने 1220, कारण जून ते सप्टेंबर 122 दिवस, गुणिले दहा. असा तक्ता तहसील कचेरीतल्या कोणालाही वाचता येतो. एलएसटीएम नावाच्या नेटवर्कला येत नाही. त्याला आधी वर्ष, मग दिवस, मग तालुका अशीच उतरंड लागते: 10, 122, 14. शिवाय ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या नुसत्या मांडणीत, शिरताना तालुक्यांनी नावं बाहेर काढून ठेवायची. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, ॲरेला त्याचं सोयरसुतक नाही. त्याच्या लेखी अकोले म्हणजे शून्य आणि संगमनेर तेरा.

या कामासाठी नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत रीशेपची, म्हणजे आकार बदलायची, सोय आहे. सोय म्हणायची पद्धत आहे. ती फक्त गुणाकार बघते. 14 गुणिले 1220 म्हणजे 17080. 10 गुणिले 122 गुणिले 14 म्हणजेही 17080. झालं, हिशेब जुळला. आधी 14, 10, 122 असा आकार करून मग ट्रान्सपोजने तालुका शेवटी न्यायचा असतो, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. सगळे आकडे एका रांगेत उभे करते आणि येतील तसे भरत सुटते.

मग पहिल्या वर्षीच्या 1 जूनला जिल्हाभर पडतो तो सगळा अकोल्याचा पाऊस, 1 ते 14 जूनचा, तालुक्यागणिक एक दिवस. जामखेडच्या वाट्याला 4 जूनचा. धो धो पावसाच्या घाटघर-रतनवाडीसकट अकोल्याचा दहा वर्षांचा पाऊस त्या एकाच हंगामात 27 ऑगस्टला वाटून संपतो. पुढचे दिवस अख्ख्या जिल्ह्याने कर्जतच्या चार पावसाळ्यांवर काढायचे.

जायकवाडी धरणाला वरच्या धरणांतून पाणी सोडायचं म्हटलं की 2005 च्या समन्यायी पाणीवाटपाच्या कायद्याची कलमं निघतात, कोर्टकचेऱ्या होतात, रास्ता रोको होतो. कुकडी कालव्याच्या आवर्तनासाठी श्रीगोंदा-कर्जतकर निवेदनं देतात. इथे कोडच्या एका ओळीत समन्यायी वाटप, तेही चारी न खोदता. आणि साधा इशारासुद्धा नाही.

इशारा देता येत नाही असं नाही. केराससारख्या लायब्ररीत एलएसटीएमला एकाच वर्षाचा 122 बाय 14 चा तक्ता द्या, लगेच एरर: तीन मिती अपेक्षित होत्या, दोनच मिळाल्या. म्हणजे सुरुवातीला 1 लिहा. एक वर्ष हे एकच वर्ष आहे, याचा दाखला जोडा. हस्तलिखित अंकांच्या एमनिस्ट या संचाचीही तीच तऱ्हा. 784 ठिपक्यांची ओळ 28 बाय 28 करून कन्व्होल्यूशन नेटवर्कचं भागत नाही. चित्रात रंग नाहीत म्हणून आणखी एक 1 हवा. केरासमध्ये तो सहसा शेवटी लावायचा, पायटॉर्चमध्ये उंची-रुंदीच्या आधी. मॅटलॅबवाल्यांचं आणखी वेगळं; तिथे आकडे भरताना ओळीऐवजी रकाना आधी. (यावर मी बोलणार नाही, त्या लोकांना आधीच पुरेसा त्रास आहे.)

तर 1 लिहायचा राहिला की काम बंद, आणि अकोल्याचा पाऊस जामखेडात पडला की प्रशिक्षण सुरू. लॉसचा, म्हणजे चुकांच्या मापाचा, आलेख हळूहळू खालीही येतो. जामखेडच्या नोंदीत घाटघरचा आकडा दिसला, तर मंडळ अधिकारी निदान फोन तरी करतो, ‘अहो, टिंब द्यायचं राहिलं का?’