सामरीकाका

पतपेढीच्या कर्जविभागातला माणूस दिवसभर लोकांना घाबरवतो आणि संध्याकाळी घरी येऊन निवांत बसतो, असा आपला समज असतो. आमच्या इमारतीतले सामरीकाका याच्या बरोबर उलट. पतपेढीत ते इतके मऊ की वसुलीला गेले तर थकबाकीदारच त्यांना चहा पाजून परत पाठवतो, वर दोन अडचणी ऐकवतो. घाबरवायचं काम ते घरी आल्यावर, हातपाय धुऊन, जुना लेंगा चढवून हाती घेतात. गेली कित्येक वर्षं नेमानं घेतात. यश मात्र नाही.

खालच्या नावांच्या पाटीवर त्यांचं नाव वेगळं आहे. ‘सामरीकाका’ हे पोरांनी ठेवलेलं. 1984 च्या ‘पुराना मंदिर’ या हिंदी भयपटातला राक्षस म्हणजे सामरी. त्याचं मुंडकं पेटीत बंद आणि धड दुसरीकडे पुरलेलं, अशी त्यात व्यवस्था होती. काकांच्या घरीही साधारण तीच व्यवस्था आहे. मुंडकं फ्रिजवर, धड माळ्यावर, आणि एक सुटा हात बरेच दिवस दाराशी किल्ल्या अडकवायला. सामरीचं काम करणारे अनिरुद्ध अगरवाल मूळचे इंजिनियर, हे काका प्रत्येक पाहुण्याला सांगतात. सूर असा की, बघा, शिकलेला माणूससुद्धा मनावर घेतलं तर राक्षस होऊ शकतो.

भयपटवेड्या पंथाच्या माणसाची एक खूण आहे. चांगला सिनेमा त्याला फारसा आवडत नाही. जगानं वाखाणलेल्या चित्रपटाला काका ‘बरा आहे’ म्हणतात. पण भुताच्या मानेमागे मुखवट्याची कड सुटलेली दिसली, वटवाघळाची दोरी उजेडात चमकली, की त्यांचा गळा दाटून येतो. ‘माणसानं केलंय हो हे, हातानं!’ कॉम्प्युटरवर तयार झालेल्या भुतांविषयी ते बोलत नाहीत. ती त्यांच्या लेखी जन्मालाच आलेली नाहीत, मग मरून भूत कुठून होणार?

त्यांचं कुलदैवत म्हणजे ‘पुराना मंदिर’ काढणारं रामसे घराणं. वडील फत्तेचंद यांचं कराचीत रेडिओचं दुकान. फाळणीनंतर मुंबई. मग सिनेमा, आणि सिनेमात नुकसान. 1970 साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करतात, तेवढ्या प्रसंगाला लोक थिएटरात शहारत होते. मुलांनी ते हेरलं. बाकीचा सिनेमा टाकून द्यायचा आणि तेवढंच करायचं. सात भाऊ, दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांच्याकडे, कॅमेरा गंगूकडे, आवाज किरणकडे, बाकीचं उरलेल्यांकडे. 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ या मंडळींनी महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात मुक्काम टाकून केला. लोक महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणतात, त्यांनी भूत आणलं.

‘आणि घरच्या बायका बरोबर होत्या बरं का,’ काका काकूंकडे बघत म्हणतात. ‘सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्याच करायच्या.’

‘त्यांच्या नवऱ्यांचे पिक्चर थेटरात लागायचे,’ काकू म्हणतात आणि भाजी निवडू लागतात.

काकूंचं चुकतं असं मला वाटत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातली कोणती वस्तू कधी अवयव होईल याचा नेम नसतो. भिजवलेला साबुदाणा म्हणजे कसल्यातरी प्राण्याची अंडी. मैद्याच्या लांब वळ्या बिटाच्या पाण्यात बुडवल्या की आतडी. गणेशचतुर्थीला मोदकांची उकड निघाली की काका हळूच एक गोळा पळवतात आणि बोटं वळतात. नखांना बदामाचे काप, सांध्यांना सुरीच्या टोकानं सुरकुत्या. मागच्या वर्षी अशी पाच बोटं ताटलीत घालून त्यांनी आजींसमोर, म्हणजे स्वतःच्या आईसमोर, ठेवली. आजींनी चष्मा न लावता दोन खाल्ली आणि म्हणाल्या, ‘मीठ कमी आहे रे.’

रक्त हा त्यांचा खास विषय. पातेलंभर रक्त करायचं तर लिक्विड ग्लुकोज घ्यायचं. परदेशात मक्याचा पाक वापरतात, आपल्याकडे केकचं सामान विकणाऱ्याकडे हे मिळतं. त्यात खाण्याचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि निळ्या रंगाचा एकच थेंब. निळा विसरलात तर सरबत दिसतं. 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये चॉकलेटचं सिरप वापरलं होतं, कारण सिनेमा कृष्णधवल, रंग कोण विचारतो! हिचकॉकच्या ‘सायको’तलं न्हाणीघरातलं रक्तही चॉकलेटचंच. हे सगळं काका पातेलं ढवळत सांगतात. पाककृती उत्तम आहे, फक्त एक अडचण. प्रेत तासभर पडून राहिलं की मुंग्या येतात. मुंग्यांची रांग लागलेल्या खुनाला कोणी गांभीर्यानं घेत नाही. शिवाय शेजारची मुलं बाटलीत उरलेलं रक्त पोळीला लावून खातात आणि आणखी मागतात.

सिनेमा त्यांच्यासोबत बघणं ही वेगळी शिक्षा आहे. ‘आता बघ, आता खिडकीतून हात येईल,’ असं ते हात येण्याआधी सांगतात. हात आला की थांबवतात, मागे घेतात, पुन्हा दाखवतात. हा हात म्हणजे खाली आडवा झोपलेला माणूस, त्याचा खांदा इथं कडेला दिसतो. दिसला? नाही? थांब. रामसेंचा ‘वीराना’ मी त्यांच्याकडे असा पाहिलाय की भुतापेक्षा भुताच्या खाली झोपलेल्या माणसांची काळजी मला जास्त वाटली. राक्षस मरतो तिथं काका चष्मा पुसतात. एवढी मेहनत केली होती बिचाऱ्यानं.

भक्ती फक्त हिंदीपुरती नाही. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू रामदास पाध्यांनी घडवला याचा त्यांना घरच्यासारखा अभिमान आहे. 1993 साली, बोलक्या बाहुलीवर अख्खा सिनेमा, आणि तो मराठीत! ‘तुंबाड’ हिंदीतला खरा, पण 2018 साली तो आला तेव्हा बघायला चला म्हणून त्यांनी इमारतीत दारोदार सांगितलं. कोणी गेलं नाही. 2024 साली तो पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला, तेव्हा काकांनी पेढे वाटले. त्यातली कणकेची बाहुली तर त्यांनी केव्हाच करून ठेवली होती. ती मोलकरणीनं गाईला घातली.

‘द इव्हिल डेड’ या इंग्रजी भयपटात जंगलातून सरपटत येणारी अदृश्य शक्ती दाखवायला दिग्दर्शक सॅम रेमीच्या चमूनं कॅमेरा फळीवर बसवला आणि फळीची दोन टोकं धरून दोघं धावले. तेव्हा ही मंडळी विशीतली होती आणि पैसे नव्हते. काका पन्नाशीचे आहेत आणि पैसे अजूनही नाहीत, म्हणजे अर्धी तयारी झालेलीच होती. देवघरातल्या पाटावर त्यांनी मोबाइल चिकटपट्टीनं बांधला आणि पुतण्याला घेऊन पार्किंगमधून रात्री पळाले. ते दृश्य मी मोबाइलवर पाहिलं. अदृश्य शक्ती दोन स्कूटरना चुकवत वेगानं जाते, आणि मग वॉचमनचा आवाज येतो, ‘काका, पाट कुठं नेताय?’

‘हॅलोवीन’मधल्या खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा बाजारी मुखवटा, दोन डॉलरच्या आत मिळालेला, वरून पांढरा रंग मारलेला. हे वाचल्यावर काकांनी निवडणुकीत फुकट वाटलेला एका पुढाऱ्याचा मुखवटा शोधून काढला, पांढरा केला आणि जिन्यात अंधारात उभे राहिले. पोरं हसली. तळमजल्यावरच्या अण्णांनी वाकून नमस्कार केला आणि पाण्याच्या टाकीचं काय झालं म्हणून विचारलं.

हेच काकांचं खरं दुःख. मध्यमवर्गीय मराठी घरात भय टिकतच नाही. कोणीतरी त्याचा उपयोग शोधून काढतं. लेटेक्सचा मुखवटा काकूंनी गच्चीवर पापडांच्या राखणीला बसवला. कबुतरं त्याच्याच डोक्यावर बसली, तो भाग वेगळा. माळ्यावरच्या धडाच्या पोटात आजींनी जुनी लुगडी भरून ठेवली आहेत. सोसायटीच्या गणपतीत सजावटीला माणूस कमी पडला की बोलावणं काकांनाच येतं, कारण कागदाचा लगदा त्यांच्यासारखा कोणाच्या हाताला वळत नाही. 2018 च्या थर्माकोलबंदीनंतर तर त्यांच्याशिवाय पानच हलत नाही. ते गुहा करतात, मनापासून करतात, आणि बायका म्हणतात, ‘किती गोड!’ गोड! कवटीच्या खोबणीत लाल दिवा लावलेला असतो हो.

यंदा मात्र निराळं घडलं. पलीकडे नवी इमारत चढते आहे. तिथल्या ठेकेदारानं गच्चीवरचा मुखवटा पाहिला आणि जिना चढून आला. बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून टांगायला त्याला असलंच तोंड हवं होतं, बाजारातली आता फार मवाळ येतात म्हणाला. काकांनी शिंगांसकट नवं करून दिलं. घ्यायला आला तेव्हा ठेकेदाराबरोबर त्याचा चार वर्षांचा मुलगा होता. काकांनी वरचं फडकं काढलं. पोरानं एकदा पाहिलं, बापाच्या पायांना मिठी मारली आणि अशी काही किंकाळी फोडली की तिसऱ्या मजल्यावरची दारं उघडली.

काका क्षणभर बघतच राहिले. मग त्यांनी ठरलेल्या किमतीतून पाचशे रुपये आपण होऊन कमी केले.

पुढच्या आठवड्यात ठेकेदार दुसऱ्या इमारतीसाठी मुखवटा घ्यायला आला, तेव्हा त्यानं पोराला बरोबर आणलंच होतं.