नागदेवी प्रसन्न

अलिबागला बंगला बांधावा, पण पोहण्याचा तलाव बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समोर अख्खा अरबी समुद्र फुकट पडलेला असतो आणि त्याला ना फिल्टर लागतो, ना पंप. पण मेहुण्यांना हे सांगणार कोण? त्यांनी हौसेने तलाव खणला, त्याला स्पॅनिश व्हॉल्व्हचा सँड फिल्टर बसवला आणि ऐन मे महिन्यात, पाहुणे यायच्या तोंडावर, तलावाचे पाणी रोज वीतभर उतरू लागले.

पाणी जाते कुठे, हे शेजारच्या वाडीतल्या केळींना ठाऊक होते. त्या जोमात होत्या.

फिल्टरच्या डोक्यावरच्या या व्हॉल्व्हला सहा खुणा असतात : फिल्टर, बॅकवॉश, रिन्स, वेस्ट, रीसर्क्युलेट आणि बंद. दांडा एका खुणेवरून दुसरीवर नेण्याआधी पंप थांबवायचा, हा एकच नियम. तलाव सांभाळणारे काका तो पाळत नसत. विचारले तर म्हणाले, “साहेब, आपल्याकडं बंद केलेली वस्तू परत चालू होईलच, असं थोडंच आहे?” विजेचा अनुभव पाहता यावर बोलण्यासारखे काही नव्हते. चालत्या पंपाच्या दाबाने आतली गॅस्केट खाचेतून उचकटली होती आणि पाणी फिल्टरऐवजी थेट वेस्टच्या नळीने बाहेर चालले होते. भरीला पंप आणि मोटरच्या मधून थेंब थेंब गळत होते, म्हणजे सीलही गेले होते.

विक्रेत्याने फोनवर सांगितले, नुसती गॅस्केट मिळत नाही, अख्खा व्हॉल्व्ह घ्या. मेहुण्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. “भावोजी, तुम्ही मुंबईला जाताच आहात...” मी जात नव्हतो.

मांडव्याहून लाँच निघाली. स्टीलच्या डब्यात गॅस्केट होती : चाकाच्या आऱ्यांसारखी, काळी आणि क्लोरीनच्या वासाची. शेजारच्या मावशींनी डब्याकडे पाहून नाकाला पदर लावला. “सुकट खराब झाली वाटतं,” त्या म्हणाल्या. ही स्पेनची आहे, हे सांगून काही उपयोग झाला नसता.

गेटवेला उतरून टॅक्सीने क्रॉफर्ड मार्केट आणि तिथून पायी नागदेवी स्ट्रीट. कपाटाएवढ्या दुकानांतून बेअरिंगे, पट्टे, ऑइल सील, रबराच्या गुंडाळ्या बाहेर डोकावत असतात आणि मधून हातगाड्या माणसाला न विचारता जातात. इथे तुमचे शिक्षण, हुद्दा, बंगला कोणी विचारत नाही. प्रश्न एकच : “सँपल लाया?” नुसते वर्णन घेऊन आलेल्या माणसाला इथे उन्हात उभे करतात. मी डबा उघडला आणि लगेच मला स्टूल मिळाले.

बोहरी चाचांनी गॅस्केट वाकवली, नखाने टोचली. “नायट्राइल मत लेना. क्लोरीन में कडक हो जाएगा. ईपीडीएम लो.” पोऱ्या तीन दुकाने पलीकडून तशीच गॅस्केट घेऊनही आला. पंपाच्या सीलसाठी त्यांनी जुन्या सीलला कॅलिपर लावले आणि नवे काढून दिले. त्याची एक चकती कार्बनची, दुसरी सिरॅमिकची. मी चकतीला हात लावणार तोच ओरडले, “उंगली नहीं!” बोटाचा तेलकटपणाही त्या गुळगुळीत तोंडाला चालत नाही.

मग मी मेहुण्यांच्या यादीतले शेवटचे कलम वाचले : दोन इंची युनियन, म्हणजे पाइपचा जोड. इथे चाचा पहिल्यांदा हसले. दोन इंची म्हणतात तो इंचाच्या मापाचा प्लंबिंग पाइप बाहेरून 60.3 मिलिमीटर भरतो. मेट्रिक मापाचा, तोही दुकानात दोन इंचीच, 63 भरतो. खरे दोन इंच म्हणजे 50.8, आणि ते दोघांतही नाहीत. मी मेहुण्यांना फोन केला. “दोन इंच म्हणजे दोन इंच, भावोजी, त्यात काय?” असे ते म्हणाले. मी युनियन घेतले नाही. बंगला त्यांचा आहे, पट्टी त्यांनी लावावी.

बसवण्याच्या वेळी मेहुणे व्हॅसलीनची बाटली घेऊन आले. काकांनी ती काढून घेतली. पेट्रोलियमने ईपीडीएम फुगते, सिलिकॉन ग्रीसच लागते, हे पंप बंद न करणाऱ्या काकांना पाठ होते. ग्रीस यादीत नव्हते. तेव्हा या खेपेला मेहुणे स्वतः लाँचने गेले आणि हात हलवत परत आले.

तलाव असलेल्या वाचकांना एवढेच सांगणे : जुना भाग खिशात ठेवा, पाइपचा बाहेरचा व्यास मोजून न्या आणि रविवारी निघू नका. रविवारी नागदेवी बंद असते.