पाहुण्याला गवत कसं घालायचं?

मराठी घरात एखाद्यावर प्रेम आहे हे सिद्ध करण्याचा एकच मान्यताप्राप्त मार्ग आहे: त्याला खायला घालणं. ‘तू मला आवडतोस’ हे वाक्य आपल्याकडे बापाने मुलाला आणि बायकोने नवऱ्याला सहसा ऐकवलेलं नसतं. पण ‘घे रे अजून एक, लहानच पोळी आहे’ हे मात्र दोन्ही वेळेला ऐकवलं जातं. या परंपरेत आता ससा येऊन पडला आहे. मुलांच्या हट्टापायी डोंबिवली ते कोथरूड अनेक टू-बीएचकेंच्या बाल्कनीत तो पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा जीव नाक हलवत बसलेला असतो आणि समोर सगळं घर हातात काही ना काही घेऊन उभं असतं.

पंचाईत अशी, की सशाला आग्रह बाधतो. आणि बाधला तरी त्याला उलटी होत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. लग्नाच्या पंगतीत जिलेब्यांवर जिलेब्या वाढून घेणाऱ्या व्याह्यालाही ही अखेरची सोय निसर्गाने ठेवलेली आहे. सशाला नाही.

त्याचं पथ्य ऐकलं तर आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला घाम फुटेल. खाण्यातला ८० टक्क्यांहून अधिक भाग गवत. वाळलेलं, साधं, लांब काड्यांचं गवत. शिवाय मेथी, कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला असा थोडा हिरवा पाला. बाजारात मिळतात त्या गोळ्या अगदी मूठभर. फळ म्हणजे चैन, तीही चमचाभर आणि कधीतरीच. स्वच्छ पाणी. संपला स्वयंपाक.

‘नुसतं गवत?’ आजी विचारतात. ‘आपण काय गुरं पाळलीयत?’

आजींची बाजू समजून घ्यायला हवी. घरात आलेल्याला गवत घालायचं, ही कल्पनाच संस्कारांत बसत नाही. म्हणून सकाळी चहाबरोबर मारी बिस्किटाचा तुकडा सशापुढे जातो. दुपारी पोळीचा पापुद्रा. आजोबा पेरूची फोड ठेवतात, कारण पेरू पोटाला चांगला. मुलगी शाळेतून आली की कॉर्नफ्लेक्स. पोळ्यांच्या मावशीही जाता जाता केळ्याचं टोक देतात; त्यांनी का मागे राहावं? प्रत्येकाने दिलेलं ‘एवढंसं’च असतं. पण घरातल्या सगळ्यांचं ‘एवढंसं’ एकत्र केलं तर ते दोन किलोच्या जनावराला काय पडतं, हा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो. एकादशीला तर साबुदाण्याची खिचडी. वास्तविक उपवासाच्या बाबतीत ससा पक्का नास्तिक आहे. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास त्याने तोंडात काही घेतलं नाही तर तो डॉक्टरकडे पळवण्याचा प्रसंग असतो. आपला मात्र त्याच्या पोटात शेंगदाण्याचं कूट घालून पुण्य पदरात पाडून घेण्याचा प्रयत्न चाललेला असतो.

आणि गाजर! गाजराचा उल्लेख केल्याशिवाय ससा पुराच होत नाही. अंकलिपीतल्या सशापासून वाढदिवसाच्या केकवरच्या सशापर्यंत सगळ्यांच्या हातात गाजर असतं. या गैरसमजात मोठा वाटा हॉलिवूडचा. १९४० साली पडद्यावर आलेल्या बग्ज बनी या कार्टून सशाची गाजर कुरतडत बोलण्याची लकब क्लार्क गेबल या नटावरून उचललेली. १९३४च्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या चित्रपटात गेबल कुंपणाला टेकून तोंडात गाजर घोळवत बोलतो. कशासाठी? तर त्यात तो नोकरी गेलेला, खिशात दमडी नसलेला वार्ताहर असतो आणि दुसरं काही परवडत नसतं. म्हणजे जगभरच्या सशांचा आहार एका कडक्या पत्रकाराने ठरवला. वृत्तपत्र व्यवसायाचा समाजावर प्रभाव उरला नाही म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. बग्ज बनीला आवाज देणारा मेल ब्लँक तर ध्वनिमुद्रणात गाजर चावायचा आणि थुंकून टाकायचा, असं सांगतात. त्यातल्या त्यात शहाणा तोच. गाजरात साखर असते. सशाला ते क्वचित, मिठाई म्हणून चालतं. त्याच्या खरं कामाचा असतो गाजराचा पाला, जो भाजीवाला आपल्यादेखत मोडून टाकतो आणि आपण बिनपाल्याचं गाजर मोठ्या कौतुकाने घरी आणतो.

गवताचं एवढं स्तोम कशाला, असं विचारणाऱ्याने एकदा सशाला खाताना जवळून पाहावं. एक काडी तोंडात आडवी जाते, खालचा जबडा डावी-उजवीकडे सरकायला लागतो आणि काडी आत आत ओढली जात नाहीशी होते. हे दळण आहे. सशाचे दात आणि दाढा जन्मभर वाढत राहतात आणि या दळणाने झिजतात. बिस्किट आणि पोळीला दळावं लागत नाही. मग दाढांना टोकं फुटतात, ती जिभेत नाहीतर गालात रुततात आणि ससा एक दिवस खाणं सोडतो. मग डॉक्टर एरवी कानात घालायची दुर्बीण तोंडात घालून दाढा बघतात आणि भूल देऊन त्या घासाव्या लागतात. घरच्यांचं निदान तोवर वेगळंच झालेलं असतं: ‘रुसलाय. त्याला आवडीचं काहीतरी द्या.’

गवताचं आणखी एक काम आहे, पण ते आजींच्या कानावर घालू नये. ससा स्वतःच्या काही मऊ लेंड्या, बहुधा रात्री किंवा पहाटे, थेट तोंडाने उचलून खातो. त्यांतून त्याला जंतूंनी तयार केलेली प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. ती त्याची दुसरी पंगत. गवत कमी आणि पीठ-साखर जास्त झाली की ही पंगत बिघडते आणि ऐवज शेपटीखाली चिकटून बसतो. सोवळ्याच्या घरात या विषयावर चर्चासत्र होऊ शकत नाही, हे मान्य.

डॉक्टरचं बिल आल्यावर घर दुसऱ्या टोकाला जातं. गवत ना? मग उत्तमातलं उत्तम गवत! ऑनलाइन ऑर्डर सुटते आणि सातासमुद्रापलीकडचं टिमथी गवत, किलोला बासमतीपेक्षा महाग, झिप लावलेल्या चकचकीत पिशवीतून येतं. कुटुंबप्रमुख ती पिशवी सोफ्यावर ठेवून फोटो काढतात. त्याच वेळी खालच्या रस्त्यावरून पालघर-वाड्याकडच्या माळावरचं दाबून बांधलेलं गवत ट्रकमध्ये भरून मुंबईच्या तबेल्यांकडे निघालेलं असतं. बुरशी नसलेलं, फवारणी नसलेलं ते गवतही सशाने आनंदाने दळलं असतं. पण त्यावर सशाचं चित्र नसतं.

तसं आपल्याला गवताचं वावडं नाही. गणपतीला प्रिय काय, तर दूर्वा, हे शाळेतलं पोरही सांगेल. तरीही भाद्रपदात आपण एकवीस दूर्वांची जुडी बाप्पाच्या डोक्यावर ठेवतो आणि पानात उकडीचे मोदक वाढतो, वर तूप. देवाची आवड आणि आपला आग्रह यांत कोण जिंकतं हे जिथे ठरून गेलं आहे, तिथे सशाची काय कथा? दूर्वा म्हणजे हरळी, आणि ती सशालाही चालते. त्याच्यापुढे मात्र हमखास मोदकाची पारीच जाते.

अलीकडे एका प्राण्यांच्या डॉक्टरांनी यावर उपाय काढला आहे. सशाची तपासणी झाली की ते औषधाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात ‘गवत, दिवसभर’ एवढंच लिहितात, सही करतात आणि शिक्का मारतात. डॉक्टरने लिहून दिलेल्या गोष्टीला मध्यमवर्ग नाही म्हणत नाही. परवा त्यांच्याकडे सहकुटुंब आलेल्या एका आत्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि अत्यंत समंजस स्वरात विचारलं,

‘ते घालू हो डॉक्टर. पण त्याबरोबर तोंडी लावायला काय द्यायचं?’