तात्पुरतं स्थगित

आपल्याकडे विमान कंपनी बंद पडत नाही, तिची सेवा 'तात्पुरती स्थगित' होते. एसटी तेवढी बंद पडते.

२७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेतून ट्रूजेट कंपनीचं नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. झेंडा थेट पंतप्रधानांचा, तिकीट तासाला अडीच हजार (तेही निम्म्याच खुर्च्यांना), आणि हवाई चप्पलवाला हवाई प्रवास करणार म्हणून आम्ही चपला पुसून ठेवल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेटची एटीआर विमानं जमिनीवर टेकली. तात्पुरती, बरं का! त्याआधी २०२० मध्ये एअर डेक्कन या दुसऱ्या कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर धाडलं होतं. न मागता मिळालेली रजा!

पायलटांची गंमत वेगळीच. २०१७ च्या नियमाने कॅप्टनला नोकरी सोडायची तर वर्षभराची नोटीस, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. का, तर प्रवाशांची गैरसोय नको. कंपनीला मात्र रातोरात गैरसोय करायची मुभा. बरं, दुसरीकडे जावं तर एटीआरचं रेटिंग (म्हणजे ते विमान उडवायची परवानगी) एअरबसवर चालत नाही. नवं घ्यायचं म्हणजे लाखांची गोष्ट, आणि पगार थकलेला.

शिवाय प्रवासी न्यायचे तर पायलटने मागच्या नव्वद दिवसांत तीनदा विमान उडवून उतरवलेलं असावं लागतं. विमानच जमिनीवर, तर उडवणार काय? मालकांनी नव्वद दिवसांत तीन पगार करावेत, अशी अट तेवढी सरकारने अजून घातलेली नाही. घालावी.