धुक्यातलं ‘ऑटो’

अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाटात पावसाळ्यात भरदुपारी धुकं उतरतं. पाहुण्यांची नवी गाडी मात्र निर्धास्त. दिवे ‘ऑटो’वर आहेत ना! काचेमागचा सेन्सर उजेड मोजतो, धुकं नाही. सगळं पांढरंशुभ्र दिसलं की त्याच्या लेखी लख्ख दिवस, हेडलाइट बंद. आणि दिवे बंद म्हणून कित्येक गाड्यांत फॉगलाइटही पेटत नाहीत, साहेबांची सही नसली की कारकून हलत नाही तसे. मग घाबरून अप्पर मारायचा, की धुक्यावरून उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत! खरं तर स्टिअरिंगजवळची कांडी पिळून डिप्पर लावला की काम भागतं. पण वरच्या मॉडेलचे जादा पैसे मोजलेला माणूस स्वतःचा हात का हलवेल? एवढ्यात समोरून खच्चून भरलेली जीप येते. एकच दिवा पेटलेला, तोही ड्रायव्हरने हाताने लावलेला.